धुतलेलं पिल्लू

तेजस्विनीला भीतीची सवय होती. श्रेया पोटात राहिली तेव्हा ती भीती चिकटली, आणि पोर दहा महिन्यांची झाली तरी सुटली नव्हती. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, पाणी दोनदा उकळायचं, पोर रांगत ओट्याच्या कडेला गेली की हातातलं पीठ तसंच टाकून धावायचं, हा तिचा दिवस. मंचरच्या कॉलेजात बी.कॉम. होऊन ती आळ्याच्या चिंचमळ्यात सून म्हणून आली त्याला तीन वर्षं झाली होती. मळ्यातल्या बायका तिला पाठीमागं 'बाटलीवाली' म्हणायच्या, कारण बाळाचं काहीही धुताना ती पाण्यात जंतुनाशकाचं बूच ओतायची आणि अंगणभर दवाखान्याचा वास सुटायचा. "आमची सून पान्याला बी आंगूळ घालती," असं सासू धोंडाबाई आल्यागेल्याला सांगायची. सांगताना हसायची, पण त्यात बोचरं काही नसायचं.

तर त्या दिवशी तेजस्विनीनं जे केलं ते तिच्या स्वभावाला धरूनच होतं.

साल दोन हजार सहा, डिसेंबर महिना. घरापासून ओढ्यापर्यंत त्यांचा दोन एकर ऊस, आणि चार दिवसांपासून त्याची तोड चालू होती. तोडायला बीडकडची टोळी आली होती. उसाच्याच वाळल्या पानांच्या, म्हणजे पाचटाच्या, कोप्या करून ती माणसं बांधाला लागून राहिली होती. सकाळी दहाच्या सुमाराला टोळीतल्या भागूला उसाच्या कडेला कुईकुई करणारं एक पिल्लू दिसलं. रानमांजराचं आहे, असं तिनं ठरवलं. तेजस्विनीच्या नवऱ्यानं, अमृतनंही तेच ठरवलं; त्याचं अर्धं लक्ष ट्रॉल्या भरण्याकडं होतं. कुत्री फाडतील म्हणून त्यानं ते टोमॅटोच्या क्रेटमध्ये घातलं, घरी आणून ओट्यावर ठेवलं, गाईचं दूध पाज म्हणाला आणि ट्रॅक्टर घेऊन कारखान्याला गेला. कारखान्यावर गाड्यांची ही रांग. नंबर लागून माघारी यायला त्याला उद्याची दुपार होणार होती.

तेजस्विनीनं श्रेयाच्या जुन्या बाटलीनं दूध पाजलं. पिल्लू चुरुचुरु ओढत होतं, डोळे निळसर, नुकते उघडलेले. तिला कौतुक वाटलं. तेवढ्यात श्रेया रांगत आली, तिनं पिल्लाचं शेपूट धरलं आणि तोच हात तोंडात घातला. पिल्लाच्या मानेवर पिसवा पळताना तिनं पाहिल्या होत्या. पोरीचे हात तिनं तीनदा धुतले. मग घंगाळात कोमट पाणी घेतलं, बूचभर औषध ओतलं आणि बाळाच्या साबणानं पिल्लू दोनदा धुऊन काढलं. टॉवेलनं पुसल्यावर ते थंडीनं लटलटायला लागलं, म्हणून त्याच्या अंगाला श्रेयाची पावडर लावली.

दुपारी दोनला धोंडाबाई उठली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूसही आवाजावरून ओळखायची. पिल्लू आणलंय म्हटल्यावर तिनं ते मांडीवर मागून घेतलं, हुंगलं, आणि हसली. बाळावानी वास येतोय गं ह्याला, म्हणाली. पाठीवरनं हात फिरवत ती पायापाशी आली, पंजा मुठीत धरला, बोटांनी दाबून पाहिला. मग दुसरा पाहिला. तिचं हसू मावळलं.

"ह्ये मांजर न्हाई, तेजे. पंजा बघ केवढा हाय. वाघाचं हाय ह्ये."

जुन्नर-आंबेगावात वाघ म्हणजे बिबट्या, ते कुणी समजावून सांगत नाही. पाच वर्षांमागं या पट्ट्यात बिबट्यांनी लहान पोरं उचलली होती. तेजस्विनी तेव्हा कॉलेजात होती, ती पेपरात वाचायची आणि पान उलटायची. या घरात आल्यावर मात्र पहिल्या आठवड्यातच तिनं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला वनखात्याचा नंबर उतरवून कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला होता. आता तिनं आधी श्रेयाला उचललं, आतल्या खोलीत ठेवून कडी लावली आणि मग फोन फिरवला.

फोनवर संपत नावाचा गार्ड होता. तो ओतूरच्या बाजूला एका पिंजऱ्यापाशी अडकला होता, भोवती माणसांची जत्रा लोटली होती, नऊच्या आत यायला जमणार नाही म्हणाला. तोड ताबडतोब थांबवा. दिवस मावळायच्या आत पिल्लू सापडलं तिथंच उसाच्या कडेला क्रेटमध्ये ठेवा आणि सगळे मागं सरा. अंधार पडला की मादी येते आणि उचलून नेते, नेहमीचं आहे, घाबरू नका. एवढं सगळं तो धडाधड बोलला, आणि मग सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, की त्याला कुणी फार हाताळलं नाही ना?

तेजस्विनीनं सांगितलं. साबणाचं सांगितलं, औषधाचं सांगितलं, पावडरीचं सांगितलं.

"पावडर पण लावली?"

"हो."

संपत रागावला नाही, आणि त्यानंच ती जास्त घाबरली. तो म्हणाला, की मादीचा डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा. वास गेला असेल तर ती पिल्लू घेईल असं सांगता येत नाही. आणि नाही घेतलं तर? तर तिच्या हिशेबी तिचं पिल्लू हरवलेलंच आहे. मग ती ते शोधत राहणार. दोन रात्री, तीन रात्री, घराघराच्या भोवती. जवळपास तोडणारांच्या कोप्या आहेत का, असं त्यानं विचारलं. आहेत म्हटल्यावर म्हणाला, त्यांना सांगा, पोरांना आत घ्या.

फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, कोपीला आत कुठं असतं? पाचटाच्या चार पेंढ्या, आणि दाराच्या जागी जुनी साडी.

बातमी मळ्यात पसरायला वेळ लागला नाही. टोळीच्या मुकादमानं कोयते खाली ठेवायला लावले आणि कुणी उसाकडं पाऊलसुद्धा टाकायचं नाही असं बजावलं. शेजारच्या बांधावरचे सावळेरामभाऊ आले. क्रेटमध्ये लांबूनच डोकावले आणि त्यांनी उपाय सांगितला. पिल्लू पोत्यात घालू, आळेफाट्यावर नेऊ आणि नाशिकच्या ट्रकात टाकून देऊ. "नाशकात पोचलं की नाशिककरांचं. आपल्याला काय करायचं राव?"

तेजस्विनी हसली नाही. खरं सांगायचं तर तिला तो उपाय पटला होता. तिच्या घराला सिमेंटच्या भिंती होत्या, लोखंडी दार होतं. दार लावून तीन रात्री बसता आलं असतं. पिल्लू गेलं की त्याच्याबरोबर ते साबणाचं प्रकरणही गेलं असतं.

तेवढ्यात भागू आली. तिच्या कडेवर तिचं दोन वर्षांचं पोरगं होतं. काल दिवस मावळताना कोपीच्या मागं करवत ओढल्यासारखा आवाज येत होता, असं ती सांगायला लागली. आम्ही म्हटलं कुणी लाकूड कापतंय. तो लाकडाचा नव्हता का मग ताई? तिनं विचारलं ते अगदी साधेपणानं, आणि पोरगं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. पोराचा पाय उघडा होता, गुबगुबीत, धुळीनं माखलेला. तेजस्विनीला तिकडं बघवेना.

आज रात्री टोळीतली सगळी पोरं आपल्या घरात निजवू, असं ती पटकन बोलून गेली. धोंडाबाई म्हणाली, निजव की, चांगलंच हाय. पर उद्या? परवा? तोड थांबली म्हंजी ऊस अजून आठवडाभर उभा ऱ्हानार. पोरं दिवसभर बांधावरच असत्यात.

मग धोंडाबाईनं तिच्या कपिली गाईची गोष्ट सांगितली. वासराच्या जखमेत किडे पडले होते, डॉक्टरनं काळं औषध फासलं, तर गाय वासराला जवळ येऊ देईना, लाथा मारायची. शेवटी धोंडाबाईनं गाय बसायची त्या जागची, तिच्या मुतानं भिजलेली माती घेतली आणि वासराच्या अंगाला डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळली. घटकाभरानं गाय त्याला चाटायला लागली.

"आईचा वास आईच्याच जागंत असतोय. कडंला ठिवून काय उपेग? जितं ती बसती तितली माती लागाया पायजे ह्याला."

तितली माती म्हणजे उसाच्या आतली. सावळेरामभाऊंना आपल्या बैलांना पाणी पाजायचं राहिलंय हे आठवलं आणि ते निघून गेले. भागू म्हणाली, सकाळी पिल्लू ज्या वाटेनं बाहेर आलं ती वाट तिनं पाहिली होती, एका सरीत पाचट दबून बोगद्यासारखं झालं होतं, वीस-पंचवीस पावलं तरी आत जात असेल. कडेपर्यंत येऊन ती दाखवेल. पुढं नाही येणार ताई, पोरगं हाय.

धोंडाबाई उठली आणि भिंतीशी काठी चाचपायला लागली. मी जाते म्हणाली, माझं काय ऱ्हायलंय आता. तेजस्विनीनं तिच्या हातातून काठी काढून घेतली. दारातली पायरी न दिसणाऱ्या बाईला उसात कोण पाठवणार?

तेजस्विनी देवघरापाशी जाऊन बसली. देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा: टाक, माउलींची तसबीर आणि सकाळी विझलेलं निरांजन. तिचा देव सणावाराचा होता. दिवा लावायचा, हात जोडायचे, परीक्षेच्या आधी जरा जास्त जोडायचे. आज पहिल्यांदाच ती त्याच्याशी समोरच्या माणसाशी बोलावं तशी बोलली. दुसरं कुणीतरी पाठव, म्हणाली. अमृतचा नंबर लवकर लागू दे. त्या गार्डाची गाडी येऊ दे. बाईमाणसाला, अंगावर पाजणाऱ्या आईला हे काम सांगू नकोस. मला भीती वाटते, तुला माहीत आहे.

मोटारसायकलचा आवाज येतो का, ते ती कान देऊन ऐकत राहिली. हायवेवरून गाड्या जात होत्या, मळ्याकडं एकही वळली नाही. आकाशवाणी वगैरे काही झालं नाही. एकच विचार होता, तो दुपारपासून तिथंच बसून होता आणि हलवला तरी हलत नव्हता: धुतलंस तू, आता नेऊन दे. ती म्हणाली, मला काही झालं तर श्रेयाचं काय? भागूच्या पोराचा तो उघडा पाय डोळ्यांसमोर आला, आणि तेच उत्तर आहे हे कळायला तिला बी.कॉम.ची गरज नव्हती.

मागं धोंडाबाई भिंतीला धरून उभी होती. सून काय बोलली ते तिनं ऐकलं असावं.

"तुला जमनार न्हाई ह्ये त्याला बी ठावं हाय," ती म्हणाली. "आपल्या गावात समाधी हाय त्या रेड्याला वेद येत व्हते का? पाठीवर हात पडला तवा त्याला पुढं काय हुनार ह्ये बी ठावं नव्हतं. त्यो नुसता जागचा हालला न्हाई, बास."

"रेड्याला दहा महिन्यांची पोर नव्हती, आत्या."

"नव्हती खरी," म्हातारी म्हणाली, आणि तिनं श्रेयाला घ्यायला हात पुढं केले.

साडेचार वाजून गेले होते. तेजस्विनीनं श्रेयाला पोटभर पाजलं. पोर छातीशीच पेंगली. तिचे चिकट केस कानामागं सारताना तेजस्विनीला वाटलं, आपण निरोप घेतल्यासारखं करतोय, आणि ती घाईनं उठली. साडीवर अमृतचा लांब बाह्यांचा शर्ट चढवला, पदर खोचला. पिल्लू टॉवेलात घेणार होती, पण टॉवेल बाळाचा होता. मग तसंच उघडं घेतलं.

भागूनं कडेपर्यंत आणून सोडलं. एकर-दीड एकर तोडून झालेला, पायात बुडखे टोचणारं मोकळं रान. आणि पुढं एकदम उभी भिंत असावी तसा अर्धा एकर राहिलेला ऊस. भागूनं हातानं वाट दाखवली आणि ती बांधावर जाऊन उभी राहिली. हातात कोयता होता. त्या कोयत्याचा काय उपयोग, हे दोघींनाही माहीत होतं.

तेजस्विनी वाकून आत शिरली.

आत गेल्यावर पहिली गोष्ट झाली ती ही, की बाहेरचं जग बंद झालं. हायवेचा आवाज गेला, भागूच्या पोराचं रडणं गेलं. उरला तो पानांचा आवाज. उसाची पानं गालाला, कानाला लागत होती, करकर चिरत होती. चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. ऊन वरच्या शेंड्यांवर अजून पिवळं होतं, खाली मात्र तिन्हीसांजा झाल्या होत्या. पायाखाली पाचट, आणि प्रत्येक पाऊल कुणीतरी पापड मोडावा तसं वाजत होतं. आपण येतोय हे आपणच सांगत चाललोय, असं तिला वाटलं. संपत फोनवर म्हणाला होता, वाघासमोर वाकू नका, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. इथं तर वाकल्याशिवाय चालताच येत नव्हतं.

पिल्लू ओरडायला लागलं. त्याचा तो बारीक, चिरका आवाज ऐकला आणि तिचा ब्लाऊज ओला झाला. घरी श्रेया रडली की होतं तसंच. तिला स्वतःच्या देहाची चीड आली. याला काही कळतच नाही, हा कुणाच्याही पोराला पाझरतो. आणि लगेच तिला भीती वाटली की दुधाचा हा वास कुठवर जात असेल.

ती मोजत होती. भागू म्हणाली होती, वीस-पंचवीस पावलं. अठराव्या पावलाला तिला भाताचा वास आला. आंबेमोहर शिजावा तसा, गोडसर, गरम. उसात कोण भात शिजवतंय, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि दुसऱ्याच क्षणी ती जागीच थांबली. कॉलेजात असताना शिनोलीची एक मैत्रीण म्हणायची, रानात आंबेमोहराचा वास आला की मागं फिरावं, तो वाघाचा असतो.

मागं फिरावंसं वाटलंच. पिल्लू इथंच ठेवलं तर काय बिघडलं? जवळजवळ पोचलोच की. पण हे 'जवळजवळ' किती सोयीचं आहे, हेही तिला कळत होतं. माउली, मला पुढं जाता येत नाहीये, असं ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. म्हणता म्हणता तिचा पाय पुढं पडला होता.

जागा लहान होती, दोन उशा मावतील एवढी. ऊस बाजूला कलंडलेले, पाचट दाबून मऊ केलेलं, कडेला शेळीचा एक खूर. आणि मधोमध दुसरं पिल्लू. ते तिच्याकडं बघून फिस्कारलं. म्हणजे मादीनं जागा सोडलेली नव्हती. म्हणजे ती इथंच कुठंतरी होती.

तेजस्विनी गुडघ्यांवर बसली. हातांनी पाचट सारलं, खालची माती ओलसर होती, वास तिथूनच येत होता. तिनं मूठभर माती घेतली आणि पिल्लाच्या पाठीला चोळली. पिल्लू वळवळलं, बोटाला चावलं. पावडर आणि माती मिळून चिखल झाला. तिनं पुन्हा माती घेतली. मान, पोट, कान, शेपूट. ज्या क्रमानं दुपारी साबण लावला होता त्याच क्रमानं हात आपसूक चालले होते. ओठ काहीतरी पुटपुटत होते, पण कुठला श्लोक ते तिचं तिलाच कळत नव्हतं. मग तिनं पिल्लू भावंडाच्या शेजारी ठेवलं. भावंडानं नाक पुढं केलं, हुंगलं, आणि ते मागं सरकलं.

तिचा धीर तिथं संपला. आणखी करण्यासारखं हातात काही नव्हतं. मादी घेईल की नाही, ते आता तिच्याकडं नव्हतं.

ती उठली आणि आलेल्या सरीनं परत फिरली. पाच-सहा पावलं गेली असेल, आणि मागं सळसळलं. ती थांबली. सळसळ थांबली. ती चालली, तर पुन्हा. वारं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. वळून बघावं असं मानेला इतकं वाटत होतं की मान दुखायला लागली. वळून पाहिलं असतं तर ती पळाली असती, आणि पळाली असती तर पडली असती. तिनं शर्टाच्या बाह्या मुठीत धरल्या.

"मागचं तू बघ," ती हळू पण स्पष्ट म्हणाली. "पुढचं मी बघते."

मग तिनं फक्त पुढचं बघितलं. एक ऊस, दुसरा ऊस, एक दगड, मुंग्यांची रांग. पळायचं नाही. एक पाऊल, मग एक पाऊल. कधीतरी उजेड वाढला, बुडखे दिसले, बांधावर भागू दिसली. तेजस्विनी तिच्यापाशी पोचली आणि म्हणाली, चल, पोरांना घेऊन घरात चल. एवढा मोठा आवाज आपला आहे हे तिला खरं वाटेना.

ती रात्र कशी गेली हे सांगण्यात अर्थ नाही. टोळीतली सगळी पोरं ओळीनं आतल्या खोलीत निजली. कुणाचं नाक वाहत होतं, कुणाच्या डोक्यात उवा असणार, आणि श्रेया त्यांच्या मधोमध होती. तेजस्विनीला बाटलीची आठवणही झाली नाही. संपत नऊला आला. ती आत गेली होती हे ऐकल्यावर मात्र तो रागावला, चांगलाच रागावला. आमचे ट्रेनिंग घेतलेले लोक असं करत नाहीत, म्हणाला, कुठल्या शाळेत शिकवलं तुम्हाला हे? उजाडल्याशिवाय कुणी तिकडं फिरकायचं नाही, असं सांगून तो ओसरीवर बसून राहिला. ती पडून ऐकत होती. करवतीचा आवाज आला नाही. न येणं चांगलं की वाईट, तेही तिला कळत नव्हतं. ती देवाशी काही बोलली नाही. जे सांगायचं ते उसात सांगून झालं होतं.

सकाळी सातला संपत काठीनं ऊस सारत आत गेला. बराच वेळ गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं, आणि तो हसत होता.

दोन्ही नेली, म्हणाला. पिल्लांच्या जागेपाशी आणि ओढ्याकडच्या ओल्या वाफ्यात पायांचे ठसे नीट उमटले होते, ते त्यानं वाचून दाखवावं तसे सांगितले. आधी तिनं दुसरं पिल्लू नेलं. मग परत आली. धुतलेल्या पिल्लाभोवती तीन-चार चकरा मारल्या. निघून गेली. पुन्हा आली, शेजारी बसली, बराच वेळ बसली असावी, तिथली माती सपाट झाली होती. आणि मग उचललं. "घेऊ का नको, असं झालं होतं तिचं. मातीनं काम केलं, ताई. पण पुन्हा करू नका."

भागूनं हात जोडले, पोराचा एक गालगुच्चा घेतला आणि तोडीला निघायला हरकत नाही ना ते विचारलं. संपत हो म्हणाला. मग तो तेजस्विनीला जरा बाजूला घेऊन गेला आणि त्यानं काठीनं उसाच्या कडेची माती दाखवली. तिथं तिच्या चपलेचा ठसा होता, बाहेर येणारा. टाचेवरची नक्षी स्पष्ट दिसत होती. त्या नक्षीवर, बरोबर मधोमध, एक गोल पंजा पडला होता.

"आतपासून इथपर्यंत, जिथं जिथं माती उघडी आहे तिथं आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या प्रत्येक पावलावर. इथं बांध दिसल्यावर ती थांबली आणि माघारी गेली. तुम्ही वळून पाहिलं होतं का?"

"नाही. मला वाटलं वारं आहे."

"काल वारं कुठं व्हतं ताई?" भागू मागून म्हणाली.

तेजस्विनी त्या ठशाकडं बघत राहिली. काल न आलेली थरथर आता आली, आणि ती तिथंच बुडख्यांमध्ये, मातीत बसली. संपत पाणी आणायला घराकडं पळाला. तिला मात्र पाणी नको होतं, बोलायचंही नव्हतं. तिनं हात जोडायचा प्रयत्न केला तर हात एकमेकांना सापडेनात. मग तिनं तळहात त्या मातीवर, चपलेच्या आणि पंजाच्या ठशाशेजारी टेकवले आणि ती तशीच रडत बसली.

भागूनं कोयता काखेत मारला आणि एक हात पुढं केला.

"उठा ताई. तुमी उठल्याबिगर तोड चालू व्हायची न्हाई. आन् तुमची लेक रडतीया, ऐकू येतंय न्हवं?"

ऐकू येत होतं. तेजस्विनीनं भागूचा हात धरला आणि ती उठली.